रंग कशामुळे चढतो?

भोकरदन तालुक्यात मे महिना संपत आला की कृषी सहायक गावोगाव एकच गोष्ट सांगतात: घरचे सोयाबीन पेरणार असाल तर आधी उगवण तपासा. १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, अधूनमधून पाणी शिंपडायचे आणि आठवडाभराने धड मोड आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणे पेरण्याजोगे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून इतक्या तक्रारी आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी ज्याच्या वाट्याला आली, त्याला या १०० दाण्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

गोणपाटाला आठवडा लागतो. याच प्रश्नाचे उत्तर एक-दोन दिवसांत काढण्याची रीत बीज परीक्षणाच्या शास्त्रात आहे. दाणे रात्रभर ओल्या कागदात फुगू देतात. मग टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून काही तास उबदार, अंधाऱ्या जागी ठेवतात. द्रावण पाण्यासारखे रंगहीन असते. दाणा बाहेर काढून साल सोलली, दोन्ही डाळी अलग केल्या आणि भिंगाखाली धरल्या, की दाण्यात कुठे जीव आहे आणि कुठे नाही ते दिसते. जिवंत भाग लालसर, मेलेला पांढराफटक आणि लिबलिबीत. मूलांकुराचे टोक पांढरे राहिले असेल, तर बाकीचा दाणा कितीही लाल असो, त्यातून धड रोप येत नाही.

या परीक्षेतली खरी मेख मात्र पुढे आहे. काही दाण्यांना मळणीयंत्राचा मार बसलेला असतो, काही पोती आपटताना दुखावलेले असतात. तिथला डाग काळपट, गडद लाल येतो. नवशिक्याला वाटते, रंग सर्वांत जास्त, म्हणजे जीवही सर्वांत जास्त. वस्तुस्थिती उलटी असते. तिथल्या पेशींची पटले फाटलेली असतात, द्रावण धडाधड आत शिरते आणि म्हणून रंग भडकतो. तो भाग जखमी असतो. निरोगी दाण्याचा रंग मध्यम आणि सगळीकडे सारखा येतो.

हा रंग चढवतात श्वसनातली विकरे. अन्नातून काढलेले हायड्रोजन ती टेट्राझोलियमला देतात आणि त्याचे लाल फॉर्माझान होते. या श्वसनाचा मोठा भाग चालतो पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत. तेव्हा बियाण्याचा दाणा चिरून बघणारा तंत्रज्ञ मुळात तंतुकणिकांची प्रकृतीच बघत असतो. आज पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशीतल्या तंतुकणिका चमकत्या रंगांनी उजळून त्यांची छायाचित्रे घेतात, संगणकावर त्यांची चमक मोजतात. ती रीत आणि ही दाण्याची रीत एकाच घराण्यातली. या घराण्याचा इतिहास चाळला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. रंग सापडला लवकर. तो नेमके काय सांगतो हे कळायला मात्र दर वेळी बरीच वर्षे गेली.

घराण्याचे मूळ कापडाच्या रंगात आहे. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला. तो पुढे फोफावला जर्मनीत. तिथल्या डॉक्टरांना रंगांच्या बाटल्या हाताशी मिळू लागल्या. पाउल एर्लिख यांनी १८८६ मध्ये मिथिलीन ब्ल्यू जिवंत प्राण्यात घालून त्याच्या चेता निळ्या केल्या. रिखार्ड आल्टमान यांनी १८९० मध्ये पेशीभर पसरलेले कण रंगवून दाखवले. ते कण म्हणजे पेशीत राहणारे स्वतंत्र मूळ जीव आहेत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याबद्दल त्यांना बरीच हेटाळणी सोसावी लागली. तंतुकणिकांचे पूर्वज एके काळी स्वतंत्र जिवाणू होते हे आज सर्वमान्य आहे. आल्टमान यांचे म्हणणे जसेच्या तसे खरे ठरले नाही, पण त्यांची नजर योग्य जागी पडली होती. १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी या कणांना मायटोकॉन्ड्रिया हे नाव दिले.

आल्टमान आणि बेंडा यांनी पाहिल्या त्या मारून पक्क्या केलेल्या पेशी. जिवंत पेशीत तंतुकणिका रंगवण्याचे श्रेय लिओनोर मिखाएलिस यांचे. एर्लिख यांच्या हाताखाली काम केलेला हा तरुण डॉक्टर. १९०० मध्ये त्यांनी यानुस ग्रीन बी हा रंग अगदी विरळ करून ताज्या पेशींवर सोडला. तंतुकणिका निळ्या-हिरव्या झाल्या, बाकीची पेशी जवळजवळ कोरी राहिली. हा रंग तिथेच का टिकतो? याचे उत्तर आले १९५३ मध्ये, लाझारो आणि कूपरस्टीन यांच्याकडून. पेशीतली विकरे या रंगाला सगळीकडेच बेरंग करत असतात. तंतुकणिकेत मात्र ऑक्सिजन वापरणारे सायटोक्रोम ऑक्सिडेझ असते, ते रंगाला पुन्हा रंगीत ठेवते. म्हणजे निळा-हिरवा ठिपका सांगतो, की इथे ऑक्सिजन पोहोचतो आहे आणि श्वसनाची शेवटची पायरी चालू आहे. आधीची ५३ वर्षे लोक त्या ठिपक्याकडे नुसती एक रचना म्हणून पाहत होते.

मधल्या काळात बाल्टिमोरमध्ये मार्गारेट आणि वॉरन लुईस या दांपत्याने कोंबडीच्या गर्भाच्या पेशी काचेवर वाढवल्या. १९१५ मध्ये त्यांनी लिहून ठेवले, की तंतुकणिका स्थिर नसतात. त्या सरकतात, लांबतात, तुटतात, एकमेकींना जुळतात. इतकी चांगली निरीक्षणे बरीच वर्षे अडगळीत पडली. पाठ्यपुस्तकात तंतुकणिका म्हणून शेंगेसारखी एकच आकृती छापली जायची, आणि कित्येक मुलांना ती अजूनही तशीच शिकवली जाते. या तुटण्या-जुळण्याचा तोल हाच आज प्रकृतीचा एक मोठा निकष धरला जातो. ताणाखालच्या पेशीत लांब जाळ्याचे तुकडे तुकडे होतात.

टेट्राझोलियम या घराण्याची दुसरी शाखा. तो क्षार १८९४ पासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता. जिवंत पेशी त्याला लाल करतात हे १९४१ मध्ये जर्मनीत रिखार्ड कून आणि येर्शेल यांनी दाखवले. लगेच होहेनहाइमच्या गेओर्ग लाकोन यांनी ते बियाण्यासाठी वापरले. नुसता रंग आला की नाही एवढ्यावर ते थांबले नाहीत. गर्भाच्या कोणत्या भागावर रंग आला आणि कोणत्या भागावर नाही याचे नकाशे त्यांनी बनवले, आणि दाण्याची परीक्षा आजही तशाच नकाशांवर चालते. याच शाखेतला एमटीटी हा पिवळा क्षार १९८३ पासून औषधांच्या चाचण्यांत सर्रास वापरला जातो. त्याला लोक बिनधास्त तंतुकणिकांची चाचणी म्हणतात. पुढे असे दिसले, की एमटीटीचा बराच भाग तंतुकणिकेच्या बाहेरच जांभळा होतो. तरी ते बिरुद काही सुटलेले नाही.

आता गाडी व्होल्टेजवर येते. १९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडले, की तंतुकणिका अन्नातली ऊर्जा वापरून प्रोटॉन आपल्या आतल्या पटलाबाहेर ढकलते आणि परत येणाऱ्या प्रोटॉनांच्या जोरावर एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य बनवते. जायकवाडीच्या भिंतीखाली सुटणारे पाणी जनित्र फिरवते, तसेच. त्याला १९७८ मध्ये नोबेल मिळाले, पण आधीची कित्येक वर्षे त्याचे म्हणणे कुणी फारसे मनावर घेत नव्हते. पटलाच्या दोन बाजूंत साधारण १८० मिलिव्होल्टचे अंतर असते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पटलाची जाडी ५-६ नॅनोमीटर आहे. हिशेब केला तर तिथले विद्युतक्षेत्र मीटरमागे ३ कोटी व्होल्टच्या घरात जाते. हे व्होल्टेज टिकून आहे की कोसळले, हा तंतुकणिकेच्या प्रकृतीचा पहिला प्रश्न.

इतक्या लहान वस्तूत तारा खुपसता येत नाहीत. तोड निघाली १९६९ मध्ये मॉस्कोत. लिबरमन, स्कुलाचेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे आयन घेतले, की ज्यांच्यावर विद्युतभार आहे आणि तरी ते तेलकट पटलातून सहज पार होतात. तंतुकणिकेची आतली बाजू ऋण असल्यामुळे धनभारित आयन आपोआप आत गोळा झाले. दर ६० मिलिव्होल्टमागे हे गोळा होणे सुमारे दहापट वाढते. १८० मिलिव्होल्ट असतील तर आतली दाटी बाहेरच्या हजारपट. राहिले एवढेच, की तो आयन डोळ्यांना दिसावा.

दिसणारा आयन १९८० मध्ये बॉस्टनमध्ये सापडला. लिंकन जॉन्सन, मार्शा वॉल्श आणि लॅन बो चेन यांनी जिवंत पेशींवर रोडामिन १२३ सोडले. तोवर ते लेझरच्या उपकरणांत वापरायचे द्रव्य होते. निळा प्रकाश टाकताच तंतुकणिका हिरव्या झळकू लागल्या, साऱ्या पेशीभर लांब, वेड्यावाकड्या दोऱ्यांसारख्या. त्यांनी पेशींना कोल्चिसीनही देऊन पाहिले. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असते तेच विष. त्याने पेशीतल्या सूक्ष्मनलिका मोडतात, आणि त्या मोडल्यावर तंतुकणिकांची मांडणी आणि आकार पालटलेला दिसला. पुढच्या वर्षी याच गटाने दाखवले, की पटलाचे व्होल्टेज मोडणारे द्रव्य दिले की चमक ओसरते. रंग रचनेला चिकटत नव्हता, व्होल्टेजच्या मागे जात होता.

रोडामिन हे नाव आपल्या गावात दुसऱ्या कारणाने माहीत व्हायला हवे. त्याचा भाऊ रोडामिन-बी हा कापडाचा गुलाबी रंग. लाल तिखटात त्याची भेसळ होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आढळला म्हणून तमिळनाडूने कापूस मिठाईवर बंदी घातली. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ज्यांची मिरची जाते त्यांच्या मालाची पत अशा भेसळीने जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. सूक्ष्मदर्शकाखाली मोलाचे असलेले रंगद्रव्य पोटात जाता कामा नये.

मिरचीचा विषय निघाला आहे तर तंतुकणिका आणि जालना जिल्हा यांचे खरे नाते इथेच सांगितले पाहिजे. जालना बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित मिरचीच्या सीड प्लॉटमध्ये हाताने क्रॉसिंग करायचे तर मादी झाडाची कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने उघडतात, परागकोश एकेक करून काढतात आणि सकाळी नराचे पराग लावून खुणेचा दोरा बांधतात. परागकोश फुटलेला राहिला की त्या फळाचे बियाणे फुकट. वाकून वाकून बायांच्या माना आणि डोळे जातात. हे कष्ट वाचवायचे तर अशी मादी हवी, की जिच्या फुलात पराग मुळात धरतच नाहीत. ज्वारी-बाजरीच्या संकरित वाणांना ही युक्ती १९६० च्या दशकापासून कामी आली. बाजरीचा पहिला संकरित वाण एचबी-१ हा १९६५ मध्ये अशाच नरवांझ ओळीवर उभा राहिला. मिरचीतली असली नरवांझ ओळ पीटरसन यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत नोंदवली, आणि ती निघाली भारतातून गेलेल्या मिरचीच्या एका नमुन्यात. हा गुण बी आईकडूनच घेते, कारण तो असतो तंतुकणिकेच्या डीएनएत. कोरियन शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मिरचीतले असे एक जनुक शोधून काढले.

तंतुकणिका बिघडल्यावर पानाफांदीला काही होत नाही आणि पराग तेवढे मरतात, हे कसे? मक्यात वॉर्मके आणि ली यांनी १९७८ मध्ये मोजून दाखवले, की परागकोशात पराग घडताना त्यांना पोसणाऱ्या थरातल्या पेशींत तंतुकणिकांची संख्या ४० पटींपर्यंत वाढते. ऊर्जेची एवढी मागणी झाडात इतरत्र कुठे येत नसावी. एरवी खपून जाणारा दोष तिथे उघडा पडतो. सूर्यफुलात २००१ मध्ये बाल्क आणि लीव्हर यांनी दाखवले, की त्या थराच्या तंतुकणिकांतून सायटोक्रोम सी हे श्वसनातले प्रथिन बाहेर गळते आणि पेशी वेळेआधीच आत्मनाश पत्करते.

हाच दोष एकदा अख्ख्या देशाला भोवला. १९७० मध्ये अमेरिकेतला बहुतेक मका टेक्सास नावाच्या एकाच नरवांझ कुळातल्या बियाण्याचा होता. पानांवर बुरशीचा करपा पडला आणि देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. मिलर आणि केपे यांनी १९७१ मध्ये वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांवर त्या बुरशीचे विष सोडले. साध्या मक्याच्या तंतुकणिका शाबूत राहिल्या, टेक्सास कुळाच्या फुगल्या आणि निकामी झाल्या. या कुळाच्या तंतुकणिकेत एक जादा प्रथिन असते. विष लागताच आतल्या पटलाला त्याची भोके पडतात आणि व्होल्टेज कोसळते. बियाण्याच्या जिल्ह्यातल्या कृषी पदविकेच्या मुलांना ही गोष्ट शिकवली पाहिजे असे मला मनापासून वाटते. त्यांच्या पोटापाण्याशी तंतुकणिकेचा इतका सरळ संबंध दुसरीकडे कुठे दाखवता येणार?

पराग जिवंत आहे का हे पाहायलाही याच सुमारास प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश टाकल्यावर उठणारी चमक, आली. हेस्लॉप-हॅरिसन दांपत्याने १९७० मध्ये फ्लुओरेसिनचे एक बेरंग रूप परागावर सोडले. आतली विकरे त्याला चमकते करतात आणि पटल शाबूत असेल तरच ती चमक आत कोंडून राहते. फाटका पराग काळा दिसतो. दाण्याच्या जखमेत फाटक्या पटलाने रंग भडकतो, इथे फाटक्या पटलाने तो विझतो. म्हणून रंग पाहताच निकाल देता येत नाही. आधी तो कुठून आत आला आणि कशाने अडला ते विचारावे लागते.

रोडामिन १२३ च्या बाबतीतही हेच झाले. काही कर्करोगाच्या पेशी चमकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांच्या तंतुकणिका मंदावल्या असाव्यात असा तर्क सहज सुचतो. पण औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या बाहेरच्या आवरणात एक उपसा करणारे प्रथिन असते. औषधासोबत ते रोडामिनही बाहेर फेकते, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. तंतुकणिका ठणठणीत आणि चित्र काळेकुट्ट. आणखी एक फसगत आहे. रंग खूप दाट भरला तर त्याचे रेणू एकमेकांची चमक मारतात. अशा पेशीत व्होल्टेज पडले की रंग सुटून पसरतो आणि चित्र उलट उजळते. आज त्याच घराण्यातला टीएमआरएम नावाचा रंग जास्त वापरतात आणि मुद्दाम अगदी विरळ वापरतात, ते यासाठीच.

१९९१ मध्ये चेन यांच्याच प्रयोगशाळेतून जेसी-१ हा रंग आला. विरळ असताना हिरवा, तंतुकणिकेत दाटला की रेणूंच्या चळती होऊन नारिंगी-लाल. एकाच लांब तंतुकणिकेत काही भाग हिरवा आणि काही नारिंगी दिसला, तेव्हा एका कणिकेतही व्होल्टेज सगळीकडे सारखे नसावे ही शंका पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली. दोन रंगांचे गुणोत्तर घेता येते म्हणून जेसी-१ लोकप्रिय झाला. गोठवलेल्या रेताच्या तपासणीपर्यंत तो पोहोचला. पण त्याच्या चळती बनायला आणि मोडायला वेळ लागतो, त्यामुळे झटपट बदल तो नीट टिपत नाही.

यानंतर पर्याय भराभर वाढले. पेशी मारून पक्की केल्यावरही टिकणारे मायटोट्रॅकर नावाचे रंग आले. त्यांतला हिरवा व्होल्टेजपेक्षा तंतुकणिकेचा एकूण ऐवज सांगतो. १९९५ मध्ये रिझ्झुटो यांनी जेलीफिशचे हिरवे प्रथिन थेट तंतुकणिकेत बसवले, त्यामुळे बाहेरून रंग घालायची गरज उरली नाही. २०११ मध्ये जपानच्या मियावाकी यांच्या गटाने कीमा हे प्रथिन वापरून निकामी तंतुकणिका पेशीच्या आम्लधर्मी कोठीत मोडीत निघताना रंगबदलाने दाखवली.

मला यांतला सर्वांत सुंदर मार्ग वाटतो तो रंगाविना जाणारा. एनएडीएच हा श्वसनातला रेणू अतिनील प्रकाशात आपणहून निळसर चमकतो. त्यातला हायड्रोजन पुढे दिला की चमक जाते. ब्रिटन चान्स यांनी १९५९ पासून ही चमक जिवंत पेशीत आणि पुढे जिवंत प्राण्यांच्या मेंदू-मूत्रपिंडात मोजली. पेशीला काहीही पाजावे लागत नाही. पण इथेही निळाई वाढली तर दोन अर्थ निघतात: इंधन भरपूर आले, किंवा ऑक्सिजन तुटला. एक सुबत्ता, दुसरी गुदमर.

म्हणून जबाबदार प्रयोगशाळा एका चित्रावर कधीच थांबत नाही. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या भांडारातून आणलेल्या पेशी असोत की एखाद्या रोपाचे मूळ, आधी टीएमआरएमची चमक मोजतात. मग ऑलिगोमायसिन देतात. त्याने प्रोटॉनांच्या परतीचा दरवाजा बंद होतो. निरोगी पेशीत चमक थोडी वाढायला हवी. ती पडली, तर समजावे की तंतुकणिका एटीपी बनवायचे सोडून उलट एटीपी जाळून व्होल्टेज कसेबसे टिकवत होती. वरवर तिचा रंग चांगलाच असतो. शेवटी एफसीसीपी देऊन व्होल्टेज पाडतात. त्यानंतर जी चमक उरते ती रंगाची, तंतुकणिकेची नव्हे. शिवाय दिव्याचा प्रकाशच रंगासोबत पेशीला भाजतो, म्हणून प्रकाश कमीत कमी ठेवावा लागतो.

ही महागडी यंत्रे भोकरदन, जाफराबाद किंवा सिल्लोडच्या महाविद्यालयांत लगेच येणार नाहीत. यानुस ग्रीनची बाटली मात्र जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बहुधा असतेच. गालाच्या आतल्या पेशी घ्या, थेंबभर रंग टाका, वर पातळ काच ठेवा आणि निळे-हिरवे कण मुलांना दाखवा. एवढ्यावर प्रात्यक्षिक संपवून काचपट्टी धुवायला टाकू नका, अशी तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. काचेखालचा ऑक्सिजन संपत जातो तसा हा रंग गुलाबी होऊन उडतो. तो उडेपर्यंत मुलांना थांबवा, आणि तो का उडाला हे सांगण्याआधी त्यांना विचारा.